प्रमिलाबाईंच्या काँप्युटरमधल्या दोन खोल्या

तिसरी घंटा झाली आहे असं समजा. दिवे मंद झालेत, खुर्च्यांची करकर थांबली आहे, आणि पडदा सावकाश वर जातो आहे.

समोर दिसते ती सुरतेच्या डिंडोलीतल्या एका बैठ्या घराची पुढची खोली. डावीकडे लोखंडी खाट, उजवीकडे पाण्याचा माठ. आणि मधोमध, नाटकात जिथं सिंहासन मांडतात तिथं, एका टेबलावर काँप्युटर. त्याच्यावर गुलाबी सॅटिनचं आच्छादन, कडेनं मोर भरलेले. मागच्या गल्लीतून कापड विणणाऱ्या लूमचा खटका-खटक आवाज येतो आहे. तो अखंड चालतो. थांबला तरच इथली माणसं दचकून वर बघतात. साल एकोणीसशे नव्व्याण्णव. दसरा नुकताच झालाय, दारावरचं झेंडूचं तोरण सुकून तांबूस पडलंय.

खुर्चीत बसल्या आहेत प्रमिलाबाई निकम. वय पंचेचाळीसच्या घरात, अंगानं किरकोळ, कपाळावर ठसठशीत कुंकू. आणि दारात उभे आहेत रमणीकशेठ, रिंग रोडच्या मार्केटातले साडीचे व्यापारी. शेठ स्वतःहून डिंडोलीत आले, ही गोष्ट गल्लीत एवढी नवलाची होती की शेजारच्या दोन बायका आपापल्या ओट्यावर निष्कारण तांदूळ निवडायला बसल्या होत्या.

शेठनी हातातली पिशवी उघडली. त्यातून ड्रेसच्या कापडाचा तुकडा काढला आणि टेबलावर पसरला.

"आ कोनुं काम, प्रमिलाबेन?"

तीस वर्षं खानदेशी कारागिरांशी व्यवहार केल्यामुळे शेठना मराठी येत होतं, पण राग आला की आधी गुजराती बाहेर पडायची.

प्रमिलाबाईंनी कापड हातातसुद्धा घेतलं नाही. "माझंच. धुडकूभाऊंसाठी केलंय. डिझाइन तुमचं नाही."

"माझं नाही ते मला दिसतं. पण कोयरीचं शेपूट असं कोण वळवतं? हात तर तुमचाच ने."

"हात माझाच आहे. तो तुम्हाला विकलेला नाही."

बाहेर तांदूळ निवडणं थांबलं.

आता हे काम काय ते सांगायला हवं. साडीवर मशीननं भरतकाम करायचं, तर मशीनला आधी कुणीतरी सांगावं लागतं की सुई कुठं खाली जायची, कुठं वळायची, कुठं दोरा तोडायचा. चित्राचा टाक्यांत अनुवाद करायचा. त्याला सुरतेत पंचिंग म्हणत. प्रमिलाबाई ते काँप्युटरवर करीत, डिझाइन फ्लॉपीत भरीत, ती फ्लॉपी मशीनला लावली की बारा-बारा सुया एकदम तेच फूल भरीत सुटत. आणि मार्केटचा एक अलिखित कायदा होता: एका पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाईक व्यापाऱ्याचं, डिझाइन त्या हंगामात दुसऱ्या पार्टीला दिसता कामा नये. म्हणून मोठ्या डिझाइन ऑफिसांत प्रत्येक पार्टीचा काँप्युटर वेगळा. वर पार्टीच्या नावाची पट्टी चिकटवलेली. पार्टी दोन तर मशीनं दोन. हे कुणी ठरवलं ते कुणालाच माहीत नव्हतं, पण सगळे पाळत होते.

प्रमिलाबाईंच्या घरात काँप्युटर एकच होता.

"एक म्यानमां बे तलवार न रहे," शेठ म्हणाले. "दुसरं मशीन आणा, नाहीतर त्या धुडकूला सोडा. काल लूमचा सांचा चालवत होता, आज शेठ झाला. त्याच्यासाठी मार्केटचा रिवाज मोडता?"

"तलवारी तुमच्याकडे असतील, शेठ. आमच्याकडे सुया. सुयांच्या एका डबीत पन्नास राहतात, एकमेकींना टोचत नाहीत."

शेठना हसू आलं असावं, पण ते त्यांनी गिळलं. "दिवाळीनंतर लाभपाचमला मार्केट उघडेल. तोवर विचार करा. लगनसराचं सगळं काम मी कुणाला द्यायचं ते त्या दिवशी ठरेल."

शेठ गेले, आणि प्रमिलाबाईंनी माठातलं पाणी तांब्याभर घेऊन उभ्याउभ्याच पिऊन टाकलं.

या बाई अशा कशा झाल्या, तेही ऐका. माहेर अमळनेरकडचं. लग्न होऊन सुरतेत आल्या तेव्हा नवरा राघो जवळच्या सचिन गावातल्या एका डाइंग हाऊसमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, लागलेला. घरी यायचा तो कोपरापर्यंत कधी निळा, कधी तांबडा. त्याच्या हाताचा रंग बघून गल्लीतल्या बायका यंदा कोणती साडी चालणार ते सांगत. प्रमिलाबाई कतारगामच्या एका डिझाइन ऑफिसात दोरे तोडायला लागल्या. तिथून ग्राफच्या कागदावर चौकटी रंगवायला, तिथून काँप्युटरवर. तिथला मालक वाईट नव्हता. पण त्याच्या ऑफिसात नियम असा की डिझाइन बाईनं करायचं आणि पार्टी आली की बाईनं आत जायचं. पार्टीसमोर मालक म्हणायचा, "आ में बनाव्युं." असं बरीच वर्षं चाललं. एके दिवशी पार्टी आली आणि प्रमिलाबाई उठल्याच नाहीत. मालक खुणावत राहिला, त्या टाके टाकत राहिल्या. पार्टीनं विचारलं, हे डिझाइन कुणाचं? प्रमिलाबाई म्हणाल्या, "जो खुर्चीत बसलाय त्याचं." त्याच महिन्यात त्या घरी बसल्या, जुना काँप्युटर आणून.

ती पार्टी म्हणजे रमणीकशेठ. पहिलं काम त्यांनीच दिलं, हे प्रमिलाबाई कधी विसरल्या नाहीत आणि ते सांगायला लाजल्याही नाहीत. पण शेठचं काम म्हणजे बांधलेली गाय. दूध त्यांनाच द्यायचं आणि चारा त्यांच्या मर्जीनं. मागच्या उन्हाळ्यात फॅशन फिरली, शेठनी भरतकामच बंद केलं, आणि सगळा उन्हाळा मोरांचं आच्छादन काँप्युटरवरून उतरलं नाही. दुसऱ्याचं घ्यायचं नाही, शेठचं येत नाही. तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की हा दावणीचा दोर पुन्हा गळ्यात घालायचा नाही. धुडकू सोनवणे पारोळ्याचा, वीस वर्षं लूम चालवून त्यानं एक भरतकामाचं मशीन घेतलं होतं, पत्र्याच्या शेडमध्ये. तो काम घेऊन आला तेव्हा प्रमिलाबाई एका शब्दात हो म्हणाल्या.

मात्र शेठच्या बोलण्यात एक काटा होता आणि तो त्यांच्या जिव्हारी लागला होता. महिन्यापूर्वी धुडकूची एक बुट्टी त्यांनी चुकून शेठच्या फ्लॉपीत भरली होती. फ्लॉपी पिशवीत गेलेली, पिशवी दाराबाहेर पडलेली. शंका आली म्हणून ती परत आणून बघितली. कुणाला कळलं नाही. पण त्यांना कळलं होतं.

संध्याकाळी अर्चना कॉलेजातून आली. ही त्यांची मुलगी, काँप्युटरचा डिप्लोमा करणारी. सगळं ऐकून ती म्हणाली, "आई, दोन फोल्डर कर ना. झालं."

"फोल्डर म्हणजे एकाच फडताळाचे दोन कप्पे. आणि हा मेला प्रोग्राम बुट्ट्यांचा डबा एकच ठेवतो. कितीही वेगळं ठेव, डबा उघडला की शेठचा मोर आणि धुडकूभाऊचा पोपट शेजारी शेजारी."

"मग त्याला दोन वेगळे काँप्युटर लागतील."

"तेच तर शेठ म्हणतात."

अर्चनानं मोरांच्या आच्छादनाची कड उचलून काँप्युटरकडे बघितलं. मग म्हणाली, "खोटे चालतील?"

आणि तिनं सांगितलं. काँप्युटरच्या पोटात दुसरा काँप्युटर उभा करायचा प्रोग्राम असतो. खरं यंत्र एकच. पण आत बसवलेल्या प्रोग्रामला वाटतं की हे सगळं आपलंच, आपल्याखेरीज इथं कुणी नाही. रंगमंचावर पुठ्ठ्याचा महाल उभा करावा आणि राजानं त्यात खरोखर राज्य करावं, तसं. असे दोन महाल उभारले तर एका राजाला दुसऱ्याचा पत्ता लागत नाही.

"आणि राणी?" खाटेवर बसून पाय चोळत राघोनं विचारलं. तो घरात अहिराणीच बोलायचा. "राणी कोठे राही?"

"राणी बाहेर," प्रमिलाबाई म्हणाल्या. "दोन्ही महालांचं भाडं घेईल."

मासिकाबरोबर आलेली लिनक्सची, म्हणजे काँप्युटर चालवायच्या एका फुकट यंत्रणेची, सीडी अर्चनाकडे होती. ती घातली, आणि मग निवड सुरू झाली. निवडायचं तीन प्रोग्रामांतून. त्यांची नावं अर्चनाच्या तोंडी होती, प्रमिलाबाईंच्या जिभेवर ती बसेनात. म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली.

पहिला अमेरिकेहून नवाच आलेला, देखणा, सगळं करतो म्हणणारा. काही दिवस वापरून बघायला मिळत होता. त्यानं आत संपूर्ण काँप्युटर उभा केला, सुरुवातीची अक्षरंसुद्धा खऱ्यासारखी दाखवली. पण त्याला जेवढी मेमरी हवी तेवढी त्या घरच्या मशीनमध्ये नव्हती. तो आला की बाकी सगळं घर उभं राहायचं. प्रमिलाबाईंनी त्याचं नाव ठेवलं, जावई.

दुसरा प्रामाणिक होता. काँप्युटरचा प्रत्येक बारीक भाग तो मनात रचायचा आणि मग चालवायचा. म्हणून पडद्यावर एक अक्षर दिसायला एवढा वेळ लागे की प्रमिलाबाई तोवर डाळ फोडणीला टाकून येत. तो कासव.

तिसरा साधा. संपूर्ण काँप्युटर वगैरे उभा करायची हौस त्याला नव्हती. फक्त जुना डॉस, काळ्या पडद्याचा, त्यातलं काम तेवढं तो बिनबोभाट करी. पंचिंगचा प्रोग्राम डॉसचाच होता. मेमरी थोडी मागे, चाले झपझप. खानदेशात वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी असतो, मिळेल ती भाकरी खातो आणि न सांगता औत जुंपतो. तो सालदार.

निवड झालीच होती, पण एक अडचण उभी राहिली. पंचिंगच्या प्रोग्रामला एक लॉक असायचं. अंगठ्याएवढं प्लगसारखं, काँप्युटरच्या पाठीमागे लावायचं. ते दिसलं नाही तर प्रोग्राम उघडायचा नाही. कंपनीनं चोरी होऊ नये म्हणून केलेली व्यवस्था. आणि खोट्या खोलीतून हे खरं लॉक दिसेना. जावयाला दिसेना, कासवाला दिसेना, सालदारालाही दिसेना. तिन्हींकडे तोच तांबडा निरोप: लॉक नाही.

अर्चनानं चार रोज वह्या, मॅन्युअलं, मैत्रिणीचा भाऊ, कॉलेजातले सर, सगळं पालथं घातलं. शेवटी ती रडकुंडीला आली. "आई, हे होत नाही. भिंतीतून लॉक दिसणारच नाही. दुसरं मशीन घेऊया नाहीतर शेठचं ऐक."

"लिनक्सबिनक्स सोडून जुन्यासारखं चालव बघू एकदा. तसं तरी दिसतं का?"

अर्चनानं चालवलं. तसंही दिसेना.

मग प्रमिलाबाई टेबलामागे वाकल्या, लॉक ओढून काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. त्याच्या बारीक बारीक छिद्रांत तांबडं काहीतरी गच्च बसलं होतं.

दसऱ्याला त्यांनी सगळ्या हत्यारांची पूजा केली होती. कात्री, सुयांची डबी, काँप्युटर. आणि ज्याच्यावाचून काहीच उघडत नाही ते लॉक तर मुख्य. ते त्यांनी मुद्दाम काढून ताम्हणात ठेवलं होतं आणि त्याला ओल्या बोटानं हळदकुंकू वाहिलं होतं. दसऱ्यापासून शेठचं नवं काम आलं नव्हतं आणि धुडकूचं फक्त कागदावर चितारणं चाललेलं, त्यामुळे प्रोग्राम कुणी उघडलाच नव्हता.

राघो एवढा हसला की खाट करकरली. "देवनं तोंड तू बंद करं, अन् नाव लिनक्सनं."

"चूप बसा. स्पिरिट आणा."

कापूस, स्पिरिट आणि सुई घेऊन प्रमिलाबाईंनी सगळी दुपार ते लॉक साफ केलं. नंतर तिन्ही प्रोग्राम पुन्हा लावून बघितले, कारण कुंकवाचा दोष कुणाच्या माथी मारणं त्यांना पटेना. लॉक जावयालाही दिसलं. पण मशीन त्याच्या भारानं पूर्वीसारखंच कण्हू लागलं. कासव कासवच राहिलं. सालदारानं लॉक बघितलं, प्रोग्राम उघडला, आणि पहिली कोयरी सरसर वळवून दाखवली.

"हा ठेव," प्रमिलाबाई म्हणाल्या. "जावई चांगला आहे गं, पण घर मोठं झाल्यावर बोलवू."

दोन खोल्या झाल्या. प्रत्येकीत स्वतःचा डॉस, स्वतःचा प्रोग्राम, स्वतःचा बुट्ट्यांचा डबा. लॉक एकच असल्यामुळे एक खोली उघडी असली की दुसरी उघडेना; आधी इथला दिवा मालवायचा, मग तिथं पाऊल टाकायचं. ही गोष्ट प्रमिलाबाईंना सगळ्यात आवडली. आता हात चुकायला वावच नव्हता.

लाभपाचम आली. मार्केटात चोपड्यांवर कुंकवाची बोटं उमटली, नारळ फुटले, आणि दुपारी रमणीकशेठ डिंडोलीत आले. या खेपेला आत येऊन खाटेवर बसले. ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या बायका आता चार होत्या.

"दुसरं मशीन दिसत नथी," शेठ म्हणाले.

"आत आहे." प्रमिलाबाईंनी आच्छादन काढलं. शेठची खोली उघडली, त्यांचे मोर, त्यांच्या वेली, त्यांचं सगळं ऐश्वर्य पडद्यावर आणलं. मग ती बंद केली. "हे तुमचं घर. धुडकूभाऊंचं घर वेगळं. एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. तुमचं उघडं असेल तर त्यांचं उघडत नाही."

शेठ पुढं वाकले. व्यापारी माणूस, नवी गोष्ट दिसली की राग बाजूला ठेवून आधी ती हाताळून बघणारा. "बहु सरस. हवे धुडकूवाळुं खोलो."

"का?"

"बघतो. त्यात माझं काही नाही ना, तेवढंच."

प्रमिलाबाईंनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "ते मी उघडणार नाही."

"अरे, मग मला कसं कळायचं?"

"नाही कळायचं. पण आज त्यांचं तुम्हाला उघडून दाखवलं, तर उद्या ते आले की तुमचं त्यांना उघडून दाखवीन. मग भिंत घातली कशाला?"

कोपऱ्यात उभ्या अर्चनानं आईकडे बघितलं. एवढंसं दाखवलं असतं तर काम झालं असतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं. प्रमिलाबाईंनाही.

शेठनी सूर बदलला. "बेन, खरं सांगा. दोन्ही खोल्या उघडणारी एखादी मोठी चावी असेल ने?"

तशी चावी होती. अर्चनानंच ती आईला शिकवली होती, आणि हेही सांगितलं होतं की शेठना ती काही कळणार नाही.

"आहे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "घर माझं आहे, चावी माझ्याकडेच असणार."

"मग या भिंतीचा उपयोग काय? तुम्ही मनात आणलं तर माझं त्याला देणार."

"मनात आणलं तर मला काँप्युटर कशाला लागतो, शेठ? तुमचा एकेक मोर मी टाक्या-टाक्यानं भरलाय. डोळे मिटले तरी दिसतो. काँप्युटरमध्ये भिंत घातली ती माझा हात चुकू नये म्हणून. डोक्यात कुठं भिंत घालू? तिथं तर तुम्हाला माझा भरवसाच धरावा लागेल. दहा मशीनं आणली तरी."

शेठ उठले, चपला पायात सरकवल्या आणि दारात थांबले.

"प्रमिलाबेन, तमे बहु जिद्दी. एवढी जिद्द धंद्यात चालत नथी."

"माझ्या धंद्यात चालते का, ते बघू."

लगनसराचं काम रमणीकशेठनी दुसरीकडे दिलं. एका मोठ्या ऑफिसात, जिथं प्रत्येक मशीनवर नावाची पट्टी होती. डिंडोलीत ते कळलं. त्या संध्याकाळी राघोनं स्वतः पिठलं केलं, त्यात मीठ दोनदा पडलं, आणि सगळ्यांनी ते मुकाट्यानं खाल्लं. हिवाळा कठीण गेला. धुडकूचं एकच मशीन, काम बेताचं. अर्चनानं एकदा चाचरत विचारलं, "आई, दाखवलं असतं तर?" प्रमिलाबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "तर आज मीही शेठच्याच दावणीला गेले असते. मशीनसकट."

पण धुडकू माणूस तोंडाचा सैल. पत्र्याच्या शेडमध्ये, चहाच्या टपरीवर, गावाकडच्या लग्नात, जिथं जाईल तिथं तो सांगत सुटला की आमची बाई शेठसमोर बसून होती, पण तिनं माझी खोली उघडली नाही. त्याच्यासारखे आणखी होते, काल सांचा चालवणारे आणि आज एक मशीन घेतलेले, ज्यांच्या डिझाइनाची राखण करायला कुणाला फुरसत नव्हती. ते एकेक करून डिंडोलीत येऊ लागले. सालदाराच्या अंगणात खोल्या वाढल्या. प्रमिलाबाई प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगत की मोठी चावी माझ्याकडे आहे, पटत असेल तर काम ठेवा. एकजण न पटून गेलासुद्धा. त्याला त्यांनी चहा पाजून पाठवलं.

होळीच्या सुमाराला रमणीकशेठचे मुनीमजी दारात आले. श्रीरंग कुलकर्णी त्यांचं नाव, बडोद्याकडचे, स्वच्छ धोतर, सुरतेतल्या पेढीवर केस पिकलेले. त्यांच्या हातात साडीचा नमुना होता. मोठ्या ऑफिसातून आलेली मोरांची माळ. मोर होते, पण मान कुणाचीच वळत नव्हती.

"शेठनी पाठवलंय," मुनीमजी खाटेच्या कडेला टेकून म्हणाले. "म्हणाले, बाईंना सांगा, झालं गेलं विसरा. सगळं काम तुम्हालाच. अट एवढीच की त्या काँप्युटरात आता दुसरं कुणी नको. धुडकू तर नकोच."

प्रमिलाबाईंनी नमुना हातात घेतला. मोराच्या मानेवरून बोट फिरवलं, टाका कुठं चुकला तिथं ते थांबलं. मग कापडाची नीट घडी घातली आणि मुनीमजींच्या मांडीवर ठेवली.

"शेठना सांगा, त्यांची खोली रोज झाडून ठेवते. यायचं तर आजच या. शेजार मात्र मी बदलणार नाही. आणि कुलकर्णीकाका, चहा निवतोय, आधी तो घ्या."